पिल्लू रात्रंदिवस भुंकतंय? काठी उचलू नका. आधी कारण ओळखा, मग वळण लावा

नांदेड / लातूर : दिवाळी झाली की गावोगाव कुत्र्यांची पिल्लं दिसायला लागतात. भाद्रपदात कुत्र्यांच्या माजाचा मोसम असतो आणि कुत्री साधारण ६३ दिवसांनी पिल्लं देते, त्यामुळे हा हिशेब दरवर्षी जुळतो. संक्रांतीच्या आसपास ही पिल्लं दोन महिन्यांची होतात. त्याच वेळी रानात ज्वारी हुरड्यात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात आणि रोही, रानडुकरं यांचा त्रास वाढलेला असतो. मग कुणी आखाड्यावर राखणीला, कुणी घरच्या लेकरांच्या हट्टापायी एखादं पिल्लू उचलून आणतं.

आणि पहिल्याच रात्री घरादाराची झोप उडते. पिल्लू केकाटतं, विव्हळतं, भुंकतं. शेजारी सकाळी विचारतात, "काय हो, रात्रभर काय चाललं होतं?" चार दिवस असेच गेले की कुणी चप्पल फेकून मारतं, कुणी आखूड साखळीनं खांबाला बांधून टाकतं, तर कुणी पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात सोडून येतं.

यातल्या कशानंही भुंकणं कमी होत नाही. उलट पिल्लू भेदरतं आणि भेदरलेलं कुत्रं आयुष्यभर जास्त भुंकतं, वेळप्रसंगी चावतंही. शिवाय भुंकण्यासाठीच तर आपण त्याला आणलेलं असतं! त्याचं तोंड बंद करून उपयोग नाही. कधी भुंकायचं आणि कधी थांबायचं, एवढं त्याला शिकवायचं आहे. दिसेल त्याच्यावर भुंकणारं कुत्रं आणि कधीच न भुंकणारं कुत्रं, राखणीला दोन्ही सारखीच. कारण दोन्ही वेळा मालक खाटेवरून उठत नाही.

हे वळण कसं लावायचं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

पिल्लू भुंकायला कधी लागतं?

जन्मलेल्या पिल्लाचे डोळे आणि कान दोन्ही बंद असतात. डोळे साधारण १० ते १४ दिवसांत उघडतात, त्याच सुमारास किंवा थोडं पुढे कान मोकळे होतात. तोवर ते नुसतं कुईकुई करतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भावंडांशी खेळताना पहिलं बारीक भुंकणं ऐकू येतं.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात महत्त्वाचा. या वयात पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटायला लागतं. जे या काळात बघितलं नाही, त्याची पुढं भीती वाटते, आणि भीती वाटली की ते भुंकतं. आखाड्यावरच वाढलेलं कुत्रं गावात आणलं की प्रत्येक मोटारसायकलवर का धावून जातं, याचं उत्तर इथं आहे.

म्हणून पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नका. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं, कुठं थांबायचं, हे ते तिथंच शिकतं. घरी आणल्यावर मात्र त्याला जग दाखवा. ट्रॅक्टर, छत्री उघडणारा माणूस, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला दुचाकीवाला, शाळेतून सुटलेली लेकरं, भजनातले टाळ, शेळ्या, कोंबड्या, वासरं. सगळं लांबून, शांतपणे, रोज थोडं थोडं. प्रत्येक वेळी तोंडात भाकरीचा एक तुकडा टाका. "हे आलं की खायला मिळतं" एवढं त्याच्या डोक्यात बसलं की भुंकण्याचं कारणच उरत नाही.

एक काळजी घ्या. लसी पूर्ण झाल्या नसतील तर पिल्लाला गल्लीतल्या कुत्र्यांमध्ये किंवा उकिरड्यावर सोडू नका. पार्व्होसारखा रक्ताची हगवण लावणारा रोग लहान पिल्लाला दोन-तीन दिवसांत संपवतो. उचलून घेऊन फिरवा. दाखवायचंच आहे, तर कडेवरूनही दिसतं.

आवाजावरून कारण ओळखा

सगळं भुंकणं एकसारखं नसतं. दोन दिवस नीट कान दिला तर फरक कळायला लागतो.

१. एकटं पडल्याचं भुंकणं : बारीक, उंच आवाज, मध्येच लांब हेल काढून रडणं. माणूस दिसला की लगेच बंद.

२. मागण्याचं भुंकणं : तुमच्या तोंडाकडं बघत एक-एक "भू" करणं आणि मध्ये थांबून वाट बघणं. तुम्ही जेवायला बसलात की हमखास.

३. कंटाळ्याचं भुंकणं : एकाच चालीत, एकाच सुरात, तासन् तास. बांधून ठेवलेल्या कुत्र्याचं हे ठरलेलं लक्षण.

४. भीतीचं भुंकणं : भुंकता भुंकता मागं सरकणं, शेपूट पायात, कान मागं. असं पिल्लू कोपऱ्यात सापडलं तर चावू शकतं.

५. इशाऱ्याचं भुंकणं : दोन-तीन जोराचे, भारी आवाज, मग थांबून कान टवकारणं, पुन्हा दोन-तीन. नजर एका जागी लागलेली. राखणीला आपल्याला हेच हवं आहे.

६. खेळाचं भुंकणं : पुढचे पाय टेकवून, मागचा भाग वर करून, शेपूट हलवत. हे खेळ संपला की आपोआप थांबतं.

"भुंकणारं कुत्रं चावत नाही" ही म्हण ऐकून लहान लेकरांना धीट होऊ देऊ नका. भीतीनं भुंकणारं कुत्रंच जास्त वेळा चावतं.

पहिल्या सात रात्री

काल रात्रीपर्यंत ते पिल्लू आईच्या पोटाशी, पाच-सहा भावंडांच्या उबेत झोपत होतं. आज ते थंड फरशीवर एकटं आहे. ते रडणारच. अशा वेळी "रडू द्या, आपोआप गप्प बसेल" म्हणून लांब कोठ्यात कोंडू नका.

• पिल्लू आणताना आईच्या अंगाखालचं फडकं किंवा पोत्याचा तुकडा सोबत आणा. त्या वासानं ते लवकर शांत होतं.

• पहिले चार-पाच दिवस माणसाच्या जवळ, खाटेशेजारी खोक्यात किंवा टोपल्यात झोपवा. मग रोज थोडं लांब सरकवत त्याच्या कायमच्या जागी न्या.

• थंडीत कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. बाटली गरम नको आणि झाकण घट्ट हवं.

• शेवटचं खाणं झोपण्याच्या दोन-तीन तास आधी द्या. झोपताना बाहेर नेऊन शी-शू करू द्या.

• दोन महिन्यांचं पिल्लू रात्रभर लघवी धरू शकत नाही. मध्यरात्री एकदा उठून बाहेर न्या. तेव्हा खेळू नका, बोलू नका, दिवा मोठा करू नका. काम झालं की परत जागेवर.

दिवसा पिल्लाला पुरेशी झोप मिळते का, तेही पाहा. लहान पिल्लू दिवसरात्र मिळून १८ तासांपर्यंत किंवा त्याहून जास्त झोपतं. लेकरांनी दिवसभर उचल-ठेव केली तर संध्याकाळी ते चिडचिडं होऊन भुंकतं, पायांना चावतं. झोपलेल्या पिल्लाला उठवायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा.

"बस्स" शिकवण्याची रीत

पिल्लू भुंकलं की आपण ओरडतो, "ए गप्प!" पिल्लाला शब्द कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की मी भुंकलो आणि मालकही माझ्यासोबत भुंकायला लागला. ते आणखी जोरात भुंकतं. त्यापेक्षा हे करा :

पहिलं : भाकरी, उकडलेलं अंडं किंवा शिजवलेल्या चिकनचे बिनहाडाचे तुकडे करून खिशात ठेवा. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे.

दुसरं : पिल्लू दोन-तीनदा भुंकलं की त्याच्याजवळ जा. ते ज्याच्याकडं बघतंय तिकडं तुम्हीही बघा. मग हळू आवाजात, एकदाच म्हणा, "बस्स."

तिसरं : तुकडा त्याच्या नाकापाशी धरा. ते हुंगायला लागलं की भुंकणं थांबणारच. हुंगणं आणि भुंकणं एकाच वेळी जमत नाही. दोन सेकंद शांत राहिलं की तुकडा द्या.

चौथं : दुसऱ्या दिवशी पाच सेकंद, मग दहा, मग वीस सेकंद शांत राहिल्यावर द्या. मध्येच भुंकलं तर पुन्हा कमी वेळापासून सुरुवात करा.

पाचवं : "बस्स" ऐकून ते तुमच्याकडं वळायला लागलं की तुकडा कधी द्या, कधी नुसती पाठ थोपटा.

रोज पाच मिनिटं, दोन-तीन वेळा. एवढंच. बहुतेक पिल्लांना काही आठवड्यांत हे कळतं. खायला दिलेले तुकडे दिवसाच्या खाण्यातूनच वजा करा, नाहीतर पोट बिघडेल.

यात एक अट आहे : घरात शब्द एकच हवा. आजी "हाड" म्हणते, पोरगा "शटअप" म्हणतो, बाप "गप रे" म्हणतो, आणि सालगडी दगड उचलतो. मग पिल्लानं ऐकायचं कुणाचं? एक शब्द ठरवा आणि सगळ्यांनी तोच वापरा.

मागून भुंकत असेल तर

जेवताना पिल्लू भुंकलं, तुम्ही वैतागून चपातीचा तुकडा फेकला आणि ते गप्प बसलं. तुम्हाला वाटलं, सुटलो. पिल्लू शिकलं : भुंकलं की चपाती.

मागण्यासाठी भुंकणाऱ्या पिल्लाकडं बघू नका, बोलू नका, रागावूही नका. रागावणं हेही त्याच्या दृष्टीनं लक्ष देणंच आहे. तोंड फिरवा. गप्प बसलं की वळा आणि मग द्या. पहिले तीन-चार दिवस भुंकणं आधी वाढेल. "पूर्वी या आवाजाला मिळत होतं, आता आणखी जोरात मागून बघू" असा त्याचा हिशेब असतो. याच टप्प्यावर बहुतेक जण हार मानतात आणि तुकडा टाकतात. तसं केलं तर पिल्लू आणखी जोरात भुंकायला शिकतं. आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी दम धरला तर सवय मोडते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं म्हणतात. शेपटाचं काही असो, सवय मात्र सरळ होते.

साखळीनं भुंकणं वाढतं

दिवसभर दोन हात साखळीवर बांधलेल्या कुत्र्याला समोरून काहीही गेलं तरी जवळ जाऊन हुंगता येत नाही आणि घाबरलं तर पळताही येत नाही. मग त्याच्याकडं एकच काम उरतं, ते म्हणजे भुंकणं. "बांधलं की तिखट होतं" असं आपल्याकडं म्हणतात. ते चिडकं होतं हे खरं, पण चिडकं कुत्रं घरच्या लेकरालाही ओळखत नाही.

काही ठिकाणी कुत्रं तापट व्हावं म्हणून पिल्लाचे कान कापतात, मिरची चारतात. यानं राखण सुधारत नाही. जखम चिघळते आणि पिल्लू माणसाच्या हाताला भ्यायला शिकतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्याचा अवयव कापणं, फार आखूड किंवा जड साखळीनं जास्त वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे गुन्हे आहेत.

बांधणं भागच असेल तर :

• दोन खांबांच्या मध्ये तार ताणून तिच्यावर कडी सरकू द्या. कुत्र्याला येरझाऱ्या घालता येतात. विहीर, भिंत, पायऱ्या किंवा उंचवटा जवळ नको. उडी मारल्यावर फास बसतो.

• पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढतं तसा पट्टा ढिला करा.

• सावली आणि पाणी दोन्ही पोचेल अशीच जागा निवडा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली बांधलेलं कुत्रं तहानेनं आणि उकाड्यानंही भुंकतं.

• सकाळ-संध्याकाळ अर्धा तास तरी रानातून फिरवून आणा. दमलेलं कुत्रं कमी भुंकतं.

• फाटकातून रस्ता दिसत असेल तर खालच्या बाजूला पोतं किंवा तट्टा लावा. येणारी-जाणारी गाडी दिसली नाही की निम्मं भुंकणं तिथंच थांबतं.

आखाड्यावरचं राखणीचं कुत्रं

समजा, तुमचं कुत्रं रात्री वाऱ्यानं हललेल्या पाचटावर भुंकतं, घुबडावर भुंकतं, लांबच्या शिवारातल्या ट्रॅक्टरवर भुंकतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही दर वेळी बॅटरी घेऊन उठता. दुसऱ्या आठवड्यात नुसती कूस बदलता. तिसऱ्या आठवड्यात खरंच कुणी मोटारीची केबल काढायला किंवा शेळी सोडायला आलं, आणि कुत्रं भुंकलं, तर तुम्ही उठाल? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच आहे.

राखणीच्या कुत्र्याची किंमत त्याच्या भुंकण्यावर तुमचा किती विश्वास आहे, यावर ठरते. तो विश्वास असा तयार होतो :

• पिल्लाला रोज संध्याकाळी आपल्या रानाच्या हद्दीवरून, बांधाबांधानं फिरवा. आपलं किती आणि परकं किती, हे ते वासानं शिकतं.

• आपली जनावरं, शेजारी शेतकरी, दूध घ्यायला येणारा, सालगडी यांची ओळख करून द्या. यांच्यावर भुंकलं तर "बस्स".

• अंधारात अनोळखी हालचालीवर भुंकलं तर एकदा उठून जरूर बघा. काही नसेल तर "बस्स" म्हणून परत या. काही असेल तर पाठ थोपटा. तुम्ही त्याचं ऐकता हे कळलं की तेही तुमचं ऐकतं.

• माणसावर "छू" करून सोडण्याचा खेळ करू नका. पोरं गमतीनं करतात. पुढं तेच कुत्रं पोस्टमनला, आशाताईंना, पाहुण्यांना चावतं.

आपल्या भागाला कुत्र्यांची जाण नवी नाही. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं, बैलांबरोबर कुत्रीही बघायला गर्दी होते. आणि ज्या खंडोबाची ती यात्रा, त्याच्या सोबतही कुत्रं असतंच. कारवान हे नजरेनं सावज हेरून धावणारं, लांब पायाचं कुत्रं. अशी कुत्री साधारणपणे कमी भुंकतात, पण त्यांना रोज मोकळं धावायला लागतं. बांधून ठेवलेलं कारवान कंटाळ्यानं भुंकतं किंवा खोदकाम करतं. हौसेनं आणताना आपल्याकडं तेवढी जागा आणि वेळ आहे का, हे आधी पाहा. आणि सशाच्या मागं सोडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे. साध्या राखणीला आपलं गावठी पिल्लू काही कमी नाही. या हवेत टिकणारं, भाकरीवर वाढणारं आणि लवकर शिकणारं.

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पोलिसांच्या रॉकी या श्वानानं ३०० हून जास्त गुन्ह्यांच्या तपासात मदत केली होती. त्याला पोलिसांनी मानवंदना देऊन निरोप दिला, त्याचा उल्लेख पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये केला. अशा कुत्र्यांना भरपूर सराव आणि समजून घेणारा माणूस लागतो. आखाड्यावरच्या पिल्लालाही तेच लागतं, फक्त थोड्या प्रमाणात.

फटाके, डीजे आणि वरात

कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. दिवाळीचे फटाके, वरातीचा डीजे, निवडणुकीचा विजयी जल्लोष यांत पिल्लू भेदरून भुंकतं आणि दावं तोडून पळतं. अशा वेळी त्याला आतल्या खोलीत ठेवा, दारं-खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवा. खाटेखाली लपलं तर ओढून काढू नका. जवळ बसा, हळू बोला. जवळ घेतल्यानं भित्रं होतं, हा गैरसमज आहे.

दुखत असेल तरी भुंकतं

आधी चांगलं असलेलं पिल्लू एकाएकी भुंकायला, विव्हळायला लागलं तर वळण लावायच्या आधी अंग तपासा. कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड आहेत का? पोट फुगलंय का? जंत झालेत का? कान खाजवून डोकं झटकतंय का? पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत जंताचं औषध लागतं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्या.

गुरांच्या गोचिडाचं औषध किंवा कपाशीवर मारायचं कीटकनाशक पिल्लाच्या अंगाला लावू नका. ते चाटलं की विषबाधा होते.

आवाज बदलला तर सावध व्हा

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कुत्र्याचा आवाज एकदम घोगरा झाला, भुंकणं विचित्र हेल काढल्यासारखं झालं, तोंडातून लाळ गळते आहे, जबडा लोंबतोय, पाणी गिळता येत नाही, अंधारात जाऊन बसतंय किंवा कशालाही चावत सुटलंय, तर ते रेबीजचं लक्षण असू शकतं. लहान पिल्लालाही रेबीज होतो.

अशा वेळी "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. ही चूक जिवावर बेतू शकते. पिल्लाला वेगळं ठेवा, लेकरांना लांब करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

पिल्लू चावलं, नख लागून ओरखडा आला किंवा जखमेवर चाटलं तर :

• जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची, रॉकेल काही लावू नका.

• त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. तिथं लस मोफत मिळते. दंडात कातडीच्या आत (कातडीतच) देण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. एकही चुकवू नका.

• जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमचं इंजेक्शनही लागतं. डॉक्टरांना जखम दाखवा.

• "घरचंच पिल्लू आहे, बारकं आहे" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसली की जीव वाचणं जवळपास अशक्य असतं.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. पार्व्हो वगैरेंची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. अवघड आजारासाठी उदगीर आणि परभणी इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

शेजाऱ्यांनी तक्रार केली तर

भांडू नका. त्यांच्या घरात म्हातारं माणूस आजारी असेल, लेकराची परीक्षा असेल. पिल्लू किती वाजता, कशावर भुंकतं हे त्यांनाच विचारा. तुम्ही रानात असताना काय होतं, ते त्यांना जास्त माहीत असतं. आठवडाभर वहीत लिहा, कारण लगेच सापडेल. आणि त्यांना पिल्लाची ओळख करून द्या, हातानं एक तुकडा खाऊ घालायला सांगा. ओळखीच्या माणसावर ते भुंकणार नाही.

उलट बाजूनंही एक सांगायला हवं. भुंकण्याच्या त्रासानं कुत्र्याला विष घालण्याचे प्रकार घडतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ते विषारी खाणं दुसऱ्या जनावराच्या, एखाद्या लेकराच्या हाती लागू शकतं.

वाचकांच्या मनातले प्रश्न

प्रश्न : किती वयापासून शिकवायचं?
उत्तर : घरी आणलं त्या दिवसापासून. मोठं कुत्रंही शिकतं, फक्त जास्त दिवस लागतात.

प्रश्न : तोंड दोरीनं किंवा पट्टीनं बांधलं तर?
उत्तर : बांधू नका. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं आणि त्यातूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. उन्हात तोंड बांधलेलं कुत्रं दगावू शकतं.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारा करंटचा पट्टा कसा?
उत्तर : भीतीनं भुंकणाऱ्या पिल्लाला त्यानं आणखी भीती बसते. समोर लेकरू असताना झटका बसला तर ते त्या लेकराचाच राग धरतं. घेऊ नका.

प्रश्न : दुसरं पिल्लू सोबतीला आणलं तर गप्प बसेल?
उत्तर : बहुतेक वेळा दोघं मिळून भुंकतात. आधी पहिल्याला वळण लावा.

प्रश्न : एकटं ठेवलं की ओरडतं, शेतात तर जावंच लागतं. काय करू?
उत्तर : आधी एक मिनिट बाहेर जाऊन या, मग दोन, पाच, दहा. जाताना चघळायला काहीतरी द्या किंवा भाकरीचे तुकडे अंगणात विखरून टाका. शोधण्यात ते गुंतून राहतं. जाताना-येताना फार लाड नकोत.

प्रश्न : नसबंदीनं भुंकणं कमी होतं का?
उत्तर : माजावरच्या कुत्रीमागं फिरणं, त्यावरून होणारी भांडणं आणि तेव्हाचा गोंगाट कमी होतो. सवयीचं किंवा भीतीचं भुंकणं त्यानं जात नाही. नको असलेली पिल्लं होत नाहीत, हा मोठा फायदा. योग्य वय डॉक्टरांना विचारा.

थोडक्यात लक्षात ठेवा

आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. पहिल्या रात्री जवळ झोपवा. आवाज ओळखा. घरात एकच शब्द ठेवा. शांत बसल्यावरच खायला द्या. आखूड साखळी नको, रोज फिरवणं हवं. तीन महिने झाले की रेबीजची लस. आणि आवाज घोगरा झाला तर हात लावू नका, दवाखान्याला कळवा.

पिल्लू आणणं सोपं असतं, पण पुढं दहा-बारा वर्षं ते आपल्या दारात असणार आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोज पंधरा मिनिटं दिली, तर एखाद्या अमावस्येच्या रात्री ते दोनदा भुंकेल आणि तुम्ही बॅटरी घेऊन बिनचूक उठाल.